सांधलेल्या कोपराचा इतिहास

११ मार्च २००१ रोजी बर्मिंगहॅम येथे पुल्लेला गोपीचंद यांनी चीनच्या चेन हाँगला हरवून ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकली, हे हैदराबादच्या माणसाला सांगावे लागत नाही. प्रकाश पदुकोण यांच्या १९८० सालच्या विजयानंतर एकवीस वर्षांनी हे अजिंक्यपद भारतात आले होते. परंतु त्या विजेत्याचा एक गुडघा सात वर्षांपूर्वी निकामी झाला होता, याचे स्मरण आता थोड्यांनाच असेल. १९९४ साली पुण्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये दुहेरीचा सामना खेळताना गोपीचंद यांच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. शस्त्रक्रिया झाली, चालण्यापासून पुन्हा आरंभ करावा लागला, आणि १९९६ ते २००० अशी सलग पाच वर्षे ते राष्ट्रीय विजेते ठरले. बर्मिंगहॅम त्यानंतरचे.

खेळांचा इतिहास आपण जय-पराजयांच्या नोंदींनी लिहितो. ज्या शरीरांनी ते जय मिळवले, त्यांचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका इतिहासाचा मागोवा घ्यावयाचा आहे. तो मुख्यतः कोपराचा आहे, आणि त्याचा आरंभ आपल्याकडे फारशा न खेळल्या जाणाऱ्या बेसबॉल या खेळात होतो. मात्र त्याचे धागे मुंबईच्या रुग्णालयापर्यंत आणि आपल्या गल्लीतल्या क्रिकेटच्या शिबिरापर्यंत येऊन पोहोचतात, म्हणून तो आपल्याही विचाराचा विषय आहे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. डॉक्टर मंडळी ज्याला लिगामेंट म्हणतात तो अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा. ज्याला टेंडन म्हणतात ती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. पहिल्याचे काम सांधा जागेवर राखण्याचे, तर दुसरीचे काम ओढण्याचे. पुढे येणारी सारी कथा एकीला दुसऱ्याच्या जागी बसवण्याची आहे. गुडघ्याच्या बाबतीत असा प्रयत्न जुना आहे. ब्रिस्टलचे शल्यविशारद हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ साली मांडीच्या बाहेरील पट्ट्याचा भाग वापरून गुडघ्याचा अस्थिबंध नव्याने घडवला होता. चेंडू फेकणाऱ्याच्या कोपराला मात्र हे भाग्य लाभण्यास आणखी सत्तावन्न वर्षे जावी लागली.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. तो एका लहानशा उंचवट्यावर उभा राहून सुमारे साडेअठरा मीटर अंतरावरील फलंदाजाकडे, टप्पा न पाडता, चेंडू फेकतो. क्रिकेटच्या गोलंदाजाला कोपर वाकवून सरळ करण्याची मुभा नाही. २००५ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने ही सूट पंधरा अंशांपर्यंतच आहे. बेसबॉलमध्ये असे बंधन नाही. वाकलेला हात खांद्यातून मागे जातो आणि क्षणार्धात पुढे झेपावून सरळ होतो. ज्यांनी लहानपणी मराठवाड्यात ज्वारीच्या शेतातल्या माचाणावरून पाखरे हाकणारा राखणदार पाहिला आहे, त्यांनी त्याची गोफण आठवावी. पिचरचा हात ही हाडामांसाची गोफणच होय. गोफणीची दोरी ज्या क्षणी सर्वांत ताणली जाते, त्या क्षणी पिचरच्या कोपराची आतली बाजू उघडू पाहते, आणि ती उघडू न देण्याचे काम आतल्या बाजूचा एक लहानसा अस्थिबंध करतो. प्रयोगशाळेतील मोजमापांवरून असे दिसते की एका जोरदार फेकीत कोपरावर येणारा ताण हा अस्थिबंध एकट्याने सोसू शकेल त्या मर्यादेच्या पलीकडे जातो. भोवतालचे स्नायू वाटा उचलतात म्हणून तो टिकतो. स्नायू थकले की वाटेकरी नाहीसे होतात, आणि सारा भार त्या एकट्यावर येऊन पडतो.

१७ जुलै १९७४ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या बाबतीत हेच घडले. त्या मोसमात तो तेरा सामने जिंकून केवळ तीन हरला होता. त्याचे वय एकतीस होते. तोवर असा हात म्हणजे कारकिर्दीचा शेवट समजला जाई, आणि ‘हात मेला’ अशा अर्थाचा शब्दप्रयोगच त्या खेळात रूढ होता. संघाचे शल्यविशारद डॉ. फ्रँक जोब यांनी एक वेगळा विचार केला. पोलिओने लुळ्या पडलेल्या हातापायांत एका ठिकाणची कंडरा दुसऱ्या ठिकाणी बसवण्याची पद्धत शल्यचिकित्सेत पूर्वीपासून होती. तीच कोपरात का योजू नये? २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्यांनी टॉमी जॉनच्या उजव्या मनगटातील एक कंडरा काढली, डाव्या कोपराच्या दोन हाडांना छिद्रे पाडली, आणि त्यांतून ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओवून घट्ट केली. यशाची शक्यता त्यांच्या मते शंभरात एक होती.

ही कंडरा बहुतेकांच्या हाताला असते आणि तिच्यावाचून फारसे काही अडत नाही. वाचकांनी अंगठा व करंगळी एकमेकांस टेकवून मनगट किंचित आत वाकवावे. मनगटाच्या मध्यभागी जी दोरी उठून दिसेल तीच ती. काहींच्या हातास ती जन्मतःच नसते. त्यांच्यासाठी पायातील कंडरा वापरतात. मृतप्राय अवस्थेत बसवलेल्या या दोरीत हळूहळू रक्तवाहिन्या शिरतात, तिची घडण पालटते, आणि कंडरा अस्थिबंधाचे काम करू लागते. निसर्गाची ही उदारता थक्क करणारी आहे. मात्र तिला वेळ द्यावा लागतो. सामान्यतः बारा ते अठरा महिने जातात.

टॉमी जॉनला आरंभी हाताची बोटेसुद्धा नीट वळवता येत नव्हती. मज्जातंतूसाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा संपूर्ण मोसम गेला. १९७६ मध्ये तो परतला, १९७७ मध्ये त्याने वीस सामने जिंकले, आणि १९८९ पर्यंत, म्हणजे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत, तो खेळत राहिला. कारकिर्दीतील एकूण २८८ विजयांपैकी १६४ विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. या शस्त्रक्रियेला शल्यविशारदाचे नाव न मिळता रुग्णाचे मिळाले, आणि जगभर ती ‘टॉमी जॉन शस्त्रक्रिया’ म्हणूनच ओळखली जाते. डॉ. जोब २०१४ साली निवर्तले.

येथपर्यंतची कथा निर्भेळ आनंदाची आहे. यापुढील आकडे मात्र विचार करावयास लावतात. १९७४ साली एक असलेली संख्या प्रारंभी सावकाश वाढली. पुढे तंत्र सुधारले, शिकलेले शल्यविशारद वाढले, आणि दर पाच रुग्णांपैकी चार किंवा त्याहून अधिक खेळाडू मैदानावर परतू लागले. २०१२ च्या सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च साखळीतील सुमारे एक चतुर्थांश पिचरांच्या कोपरावर ही शस्त्रक्रिया झालेली होती; त्यानंतरच्या दशकात हे प्रमाण एक तृतीयांशावर गेले. त्या साखळीने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, प्रमुख व दुय्यम संघांत मिळून २०१० साली अशा १०४ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २०२० साली त्या ३१४ झाल्या, आणि २०२४ मध्ये २८१. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. पिचरांच्या मुख्य वेगवान फेकीचा सरासरी वेग २००८ साली ताशी सुमारे १४७ किलोमीटर होता, तो २०२४ मध्ये सुमारे १५२ किलोमीटर झाला. वेग मोजणारी यंत्रे आली, वेगालाच किंमत आली, आणि प्रत्येक चेंडू सर्व शक्तीनिशी फेकण्याची रीत पडली. व्यायामाने स्नायू वाढवता येतात. अस्थिबंध त्या प्रमाणात वाढत नाही. गाडीचे इंजिन बदलले, दोरखंड जुनाच राहिला.

याहून चिंतेची गोष्ट मुलांची आहे. २००७ ते २०११ या काळातील अमेरिकेतील विमा-नोंदींच्या अभ्यासात असे आढळले की या शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून अधिक पंधरा ते एकोणीस वयोगटातील मुलांवर झाल्या होत्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तर शाळकरी खेळाडूंपैकी जवळजवळ निम्म्यांचे मत असे होते की दुखापत नसतानाही, केवळ खेळ सुधारावा म्हणून, ही शस्त्रक्रिया करून घ्यावी. पालकांपैकी सुमारे सदतीस टक्के याच मताचे होते. वस्तुतः नव्या बंधाने वेग वाढत नाही. परतलेला खेळाडू अधिक जोमदार वाटतो, कारण त्याने वर्षभर शिस्तीने व्यायाम केलेला असतो आणि हाताला कधी नव्हे ती विश्रांती मिळालेली असते. म्हणजे जे शस्त्रक्रियेआधी करावयास हवे होते, ते तिच्यानंतर केले, आणि श्रेय मात्र शस्त्रक्रियेला मिळाले.

राज्य शासनाच्या सेवेत असताना अंदाजपत्रकांच्या संदर्भात एक गोष्ट मी वारंवार पाहिली. नव्या बांधकामाला निधी मिळतो, मोठ्या दुरुस्तीलाही मिळतो. नित्य देखभालीचे लेखाशीर्ष मात्र प्रत्येक काटकसरीत प्रथम कापले जाते. कारण देखभालीचे उद्घाटन होत नाही. तलावाचा बंधारा फुटला नाही, यासाठी कोणी कोणाचा सत्कार करीत नाही. टॉमी जॉन शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना हीच मनोवृत्ती दिसते. दुरुस्ती जितकी खात्रीची झाली, तितकी जपणूक मागे पडली. यात डॉ. जोब यांचा दोष नाही. त्यांनी एका माणसाचा हात वाचवला. त्या यशाचा अर्थ इतरांनी सोयीस्कर लावला, एवढेच.

हा अर्थ सर्वांनीच लावला असे मात्र नव्हे. २००६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या तरुण पिचरांची निरोगी पिचरांशी तुलना करण्यात आली. वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धेत चेंडू फेकणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट आढळली, तर हात थकलेला असतानाही नियमितपणे फेकत राहणाऱ्यांत ती छत्तीसपट आढळली. २००७ पासून तेथील ‘लिटल लीग’ या बालसंघटनेने सामन्यातील फेकींची मर्यादा वयानुसार ठरवून दिली. नऊ-दहा वर्षांच्या मुलास दिवसाला ७५, अकरा-बारा वर्षांच्यास ८५, असे ते कोष्टक आहे. मर्यादा गाठली की मुलगा कितीही चांगला फेकत असला तरी त्याला बदलावे लागते. जपानमध्ये शालेय बेसबॉलला राष्ट्रीय उत्सवाचे रूप आहे. १९९८ च्या उन्हाळी स्पर्धेत दायसुके मात्सुझाका याने एकाच सामन्यात २५० चेंडू फेकले. तो पराक्रम म्हणून गाजला. २०११ साली त्याच्या कोपरावर हीच शस्त्रक्रिया झाली. त्या एका सामन्याचा हा परिणाम असे म्हणता येणार नाही, पण पुढे जपानच्या शालेय संघटनेलाही आठवड्यास ५०० चेंडूंची मर्यादा घालावी लागली. त्याच देशाचा शोहेई ओतानी हा आजचा सर्वांत नामवंत बेसबॉलपटू. त्याच्या कोपरावर २०१८ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय पिचर म्हटला की रिंकू सिंग हे नाव घ्यावे लागते. उत्तर प्रदेशातील भदोही जिल्ह्याचा हा डावखुरा मुलगा मुळात भालाफेकपटू. २००८ साली अमेरिकेतील काही उद्योजकांनी भारतात वेगवान चेंडू फेकणाऱ्यांची स्पर्धा घेतली. ती रिंकूने जिंकली. तोवर त्याने बेसबॉल पाहिलेलाही नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने त्याला व त्याचा सहकारी दिनेश पटेल याला करारबद्ध केले. या घटनेवर २०१४ साली चित्रपटही निघाला. परंतु चित्रपट जेथे संपतो, त्याच्या पुढे रिंकूचे कोपर होते. दुय्यम साखळीत काही मोसम चांगले खेळल्यानंतर २०१३ मध्ये त्याच्यावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. पुढे तो सर्वोच्च साखळीत पोहोचू शकला नाही; व्यावसायिक कुस्तीकडे वळला. शंभरातील यशस्वी ऐंशींची नावे आपण ऐकतो, उरलेल्या वीसांचीही आठवण असावी.

भालाफेकीत हात जवळजवळ तसाच ताणला जातो. नीरज चोप्रा यांच्या उजव्या कोपरात हाडाचे सुटे तुकडे निर्माण झाले होते. ३ मे २०१९ रोजी मुंबईच्या कोकिळाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात डॉ. दिनशा परडीवाला यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया केली. ही टॉमी जॉन शस्त्रक्रिया नव्हे, पण तिच्या मागचे कारण, म्हणजे एकाच हालचालीची हजारो वेळा झालेली आवृत्ती, तेच. त्या वर्षी दोहा येथे झालेल्या जागतिक स्पर्धेला नीरज मुकले. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर फेक करून ते ऑलिंपिकसाठी पात्र ठरले, आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटरच्या फेकीने सुवर्णपदक मिळाले. स्पर्धेचा मोह टाळून कोपराला दिलेले ते महिने त्या पदकाच्या जमाखर्चात धरले पाहिजेत.

मराठी माणसाच्या मनात कोपर म्हटले की सचिन तेंडुलकर येतो. २००४ साली ‘टेनिस एल्बो’ हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला तो त्याच्यामुळे. हा विकार कोपराच्या बाहेरील बाजूच्या कंडरेचा. टॉमी जॉनचा विकार आतल्या बाजूच्या अस्थिबंधाचा. मे २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध परतताना सचिनने ९३ धावा काढल्या, आणि डिसेंबरात दिल्लीला पस्तिसावे कसोटी शतक झळकावून सुनील गावसकर यांचा विक्रम मागे टाकला. ५ नोव्हेंबर २००९ रोजी आपल्या उप्पलच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ज्या १७५ धावा आपण पाहिल्या, त्या याच सांधलेल्या कोपराने काढलेल्या होत्या.

क्रिकेटमध्ये गोलंदाजाचे कोपर वाचते, पण त्याची किंमत पाठीचा कणा चुकवतो. जसप्रीत बुमराह यांच्या पाठीवर मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांना पाचपैकी तीनच कसोटी खेळवावयाचे आधीच ठरले होते. यावर बरीच टीका झाली. त्याच मालिकेत आपल्या हैदराबादचे मोहम्मद सिराज पाचही कसोटी खेळले. १११३ चेंडू टाकून त्यांनी २३ बळी घेतले आणि ओव्हलचा सामना सहा धावांनी जिंकून दिला. सिराज यांचे कौतुक योग्यच आहे. परंतु एकाचे कौतुक करताना दुसऱ्याच्या विश्रांतीला कमकुवतपणा म्हणण्याची जी घाई झाली, तिच्यात मात्सुझाकाच्या २५० चेंडूंचा टाळ्यांचा गजर ऐकू येतो. शिवाय सिराज यांचे १११३ चेंडू कोणीतरी मोजले म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्यामागे वैद्य आहेत, प्रशिक्षक आहेत, आकडेमोड करणारे आहेत.

प्रश्न ज्यांचे चेंडू कोणी मोजत नाही त्यांचा आहे. गोपीचंद यांची प्रबोधिनी २००८ साली गच्चीबावली येथे उभी राहिली आणि तेथून सायना व सिंधू यांच्यासारख्या ऑलिंपिक पदकविजेत्या घडल्या. हैदराबादेत आज क्रिकेटच्या व बॅडमिंटनच्या शिबिरांत पहाटे पाठीवर खेळाची पिशवी घेतलेली दहा-बारा वर्षांची मुले जाताना दिसतात. सकाळी एका शिबिरात, सायंकाळी शाळेच्या संघात, सुट्टीच्या दिवशी वसाहतीच्या स्पर्धेत. तीन ठिकाणचे तीन प्रशिक्षक, आणि प्रत्येकाला फक्त आपल्यासमोर टाकलेले चेंडू ठाऊक. एकूण बेरीज कोणाच्याच वहीत नाही. ती केवळ त्या मुलाच्या खांद्यात, कोपरात आणि कण्यात साठत जाते. दुखते असे त्याने सांगितले तर संघातून वगळले जाण्याचे भय, आणि न सांगितले तर सर्वांची शाबासकी.

यावर उपाय खर्चाचा नाही. दोन रुपयांची वही आणि एक पेन्सिल पुरे. आज किती चेंडू टाकले, हात दुखला काय, विश्रांतीचा दिवस कोणता, एवढ्या तीन रकान्यांची ती वही मुलाबरोबर प्रत्येक प्रशिक्षकाकडे जावी, आणि ती पाहणे हे आजी-आजोबांनीही आपले काम मानावे. निवृत्तांजवळ वेळ असतो, आणि रकाने भरण्याची सवयही. थकलेला हात थांबवणे म्हणजे माघार घेणे नव्हे, हे घरातल्या मोठ्यांनी सांगितले तर मुलाला ते पटते.

तुटलेला बंध जोडण्याची विद्या माणसाने गेल्या पन्नास वर्षांत हस्तगत केली, ही थोर गोष्ट होय. त्या विद्येचा लाभ गोपीचंद, सचिन व नीरज यांना झाला म्हणून आपणही कृतज्ञ आहोत. परंतु प्रौढ खेळाडूच्या कारकिर्दीत आलेले संकट आणि तेरा वर्षांच्या मुलावर आपण ओढवून आणलेले संकट, यांत भेद केला पाहिजे. पहिल्यासाठी शल्यविशारद आहेतच. दुसरे टाळण्यासाठी केवळ मोजता येणे आणि वेळीच ‘आज पुरे’ म्हणता येणे आवश्यक आहे.